फिकट पानाचा उजवा भाग

मी चिरुटावरचं पान बोलतोय.

आता सांगतो ते सगळं खरं आहे, शप्पथ. ज्या मातीत उगवलो तिची शप्पथ, आणि ज्या तव्यावर माझं सगळं गणगोत गेलं त्या तव्याची शप्पथ. म्हणजे निम्मं तरी खरं आहे. उरलेलं निम्मं माझ्या डाव्या भागानं पाहिलं, आणि तो केव्हाच धूर झालाय. धुराकडून ऐकलेल्या गोष्टीची खात्री किती द्यायची, ते तुमचं तुम्ही बघा.

तव्याचं पुढे येईल. आधी जन्माचं सांगतो, तशी पद्धत आहे.

कूचबिहारच्या पलीकडे दिनहाटा म्हणून गाव आहे, तिथल्या एका शेतात मी उगवलो. बाकीची तंबाखू उघड्यावर उभी असते. उन्हानं काळवंडते, जाड होते, अंगानं पैलवान होते. आमच्यावर मात्र पांढऱ्या विरविरीत कापडाचा मांडव. चहा गाळावा तसं ऊन गाळून मिळायचं. ऊन कमी मिळालं की पान त्याच्या शोधात पसरतं. पसरतं तसं पातळ होतं, शिरा बारीक राहतात आणि रंग फिकट राहतो. शेजारच्या शेतातली काळी तंबाखू आम्हाला 'मच्छरदाणीतले जावई' म्हणायची. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. जावई असंच करतात.

थंडीत आम्हाला खुडलं. दोऱ्यात ओवून अंधाऱ्या छपरात उलटं टांगलं. मग ढिगात रचून आमचा घाम काढला. खरंच घाम, ढीग आतून तापतो आणि पानाच्या अंगातला उग्रपणा निघून जातो. त्यातून बाहेर आलो तेव्हा माझा रंग काय होता म्हणून सांगू! शेवया तुपात परतायला घेतल्यावर पहिला जो रंग येतो ना, तो. आणखी एकदा उलथनं फिरवलं की बिघडला, असा.

खरं सांगायचं तर चिरुटात मला फारसं काम नाही. जोर असतो आतल्या पानांत. वृंदा, ती पुढे येईलच, त्यांना सारण म्हणते. म्हणजे मी करंजीची पारी. बाहेरून घट्ट धरायचं आणि देखणं दिसायचं, बस्स. पण गिऱ्हाईक हात घालतं ते मला बघून.

मी माणसांना फार जवळून पाहिलंय. फिकट चिरूट हातात आला की आधी ते खिडकीकडे वळतात, उजेडात बघायला. मग अंगठ्यानं हळूच चोळतात. मग तान्ह्या बाळाची टाळू हुंगावी तसा डोळे मिटून वास घेतात. मग कानाशी नेऊन दोन बोटांत फिरवतात. कानाशी का नेतात ते मला अजून कळलेलं नाही. मी काही बोलत नसतो. आज पहिल्यांदाच बोलतोय.

आणि शेवटी समजूतदार तोंड करून म्हणतात, "फिकट आहे, म्हणजे सौम्य असणार." आता सारण कडक असेल तर मी फिकट असून काय उपयोग? पण ही समजूत मी कधी दुरुस्त केली नाही. कुणी आपल्याबद्दल चांगलं बोलत असेल तर मध्ये बोलू नये.

तर वृंदा. वृंदा ही दिनकरराव सबनिसांची मुलगी. सबनिसांचं घर बागबाजारला. म्हणजे बघा, मराठे शहरात घुसू नयेत म्हणून कलकत्त्यानं एके काळी मोठा खंदक खणायला घेतला, तो सुरू व्हायचा बागबाजारपासून. सबनिसांच्या आजोबांनी त्याच बागबाजारात घर भाड्यानं घेतलं आणि खंदकाचं काही चाललं नाही. तेव्हापासून गल्ली त्यांना प्रेमानं 'बोर्गी' म्हणते. बोर्गी म्हणजे लुटायला येणारे मराठा घोडेस्वार. दिनकररावांना सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती.

त्यांचा चिरुटांचा छोटा कारखाना हावड्याला. साहेबाच्या काळात चालला, साहेब गेल्यावर खोकला, आणि चौऱ्याहत्तर सालापर्यंत नुसता धापा टाकत होता. लोक सिगारेटी ओढायला लागले होते. पुण्याचे धाकटे भाऊ श्रीधरराव सारखं म्हणत होते, "दादा, बंद कर ते. इथं माझ्या कागदाच्या दुकानात ये."

वृंदाला पुण्याला जायचं नव्हतं. ती कलकत्त्यात जन्मली, कलकत्त्यात वाढली, कॉलेज संपल्यापासून बापाबरोबर ट्रामनं पूल ओलांडून कारखान्यात जायची आणि जुन्या कारागिरांच्या शेजारी बसून चिरूट वळायची. पुण्याला एकदाच गेली होती. तिथं चुलत भावंडांनी तिला दोनच प्रश्न विचारले. "तुम्ही रोज मासे खाता?" आणि "तू अशी का बोलतेस?"

"इथं मला सगळे बोर्गी म्हणतात," ती बाबांना म्हणायची, "आणि तिथं बंगालीण. इथले निदान हसून म्हणतात."

ती सावळी होती. मला हातात घेऊन एकदा म्हणाली, "बाबा, मला पण कापडाच्या खाली वाढवला असता तर बरं झालं असतं. लग्नाच्या जाहिरातीत 'उजळ' लिहिता आलं असतं."

दिनकरराव पानांची प्रतवारी करत होते. मान वर न करता म्हणाले, "पारी दुकानात मिळते गं. तू सारण आहेस."

मी पारी. तिथंच होतो. पण मी मनावर घेतलं नाही.

मी तिथं पोचलो कसा, तर त्याआधी एक आशा निघाली होती. शेजारच्या घरात बॅरिस्टर मित्तिर राहायचे. वकिली सोडलेली, चिरूट न सोडलेला. चौरंगीकडच्या एका क्लबात त्यांच्या शब्दाला फार मान. क्लबाचे विलायती चिरूट यायचे बंद झाले होते आणि तिथली मंडळी नुसती जांभया देत बसायची. मित्तिर म्हणाले, "दिनोकोरबाबू, फिकट पानाचा चिरूट करून दाखवा. काळा नको. मला पसंत पडला तर क्लब वर्षभर तुमच्याकडूनच घेईल."

दिनकररावांनी दिनहाट्याहून आम्हाला मागवलं. एकच गठ्ठा, त्या हंगामातलं चांगलं पान तेवढंच उरलं होतं. आणि श्रीधररावांना कळवून टाकलं की हे जमलं तर आम्ही इथंच, नाहीतर पुण्याला.

आता झालं असं, की बॅरिस्टर यायच्या आदल्या दिवसाचा बंद पुकारला गेला. हावड्याला जाता येणार नाही म्हणून दिनकररावांनी आम्हाला आधीच घरी आणलं. आम्ही कोरडे पडलो तर तुटतो, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाजवळ ठेवलं. गारवा छान होता. मी गठ्ठ्यात सगळ्यात बाहेर होतो, फडक्याला चिकटून, त्यामुळे चिंब झालो होतो. मला वाटलं, माझंच नशीब वाईट.

त्या घरात शकुनआत्या राहायला आल्या होत्या. दिनकररावांची थोरली बहीण, लहानपणापासून आजोळी साताऱ्यालाच वाढलेली आणि तिथंच सासरी दिलेली. तोंडानं तिखट, मनानं त्याहून थोडी कमी तिखट. माझं मराठी मी त्यांच्याकडून शिकलोय, तेव्हा कुठे झोंबलं तर सांभाळून घ्या. आत्यांचं सगळं छान चाललं होतं, फक्त साताऱ्याहून आणलेली मिश्री संपली होती. मिश्री तुम्हाला माहीतच असेल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांना लावायची. एकदा लावली की तासभर माणूस कुणाला उत्तर देत नाही. आत्या चार दिवस बिनमिश्रीच्या होत्या आणि सगळ्यांना उत्तरं देत होत्या.

बंदच्या दुपारी दिनकरराव झोपले होते. वृंदा गच्चीवर होती. आत्यांनी फडकं सोडलं.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "दिन्यानं आणली की!"

बोटांनी चाचपलं. उजेडात धरलं. डोळे मिटून वास घेतला. मला वाटलं, ही बाई चिरूट ओढते की काय!

"किती मऊ," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "फिकट आहे. हिरड्यांना झोंबायची नाही."

बघा. साताऱ्याची आत्या आणि विलायतेत शिकलेला बॅरिस्टर. चूक तीच, शब्दसुद्धा तेच.

त्यांनी तवा ठेवला. मी चिंब होतो, म्हणून मला खिडकीच्या काचेवर वाळायला चिकटवलं, आणि तिथून मी सगळं पाहिलं. माझे सख्खे, चुलत, आते, मामे सगळे एकामागून एक तव्यावर गेले. वास मात्र, खोटं कशाला बोलू, फार सुंदर आला. गल्लीतली दोन माणसं वर बघत उभी राहिली.

वृंदा जिन्यावरून धावत आली.

"आत्या! हा तू काय केला?"

"'हे तू काय केलंस' म्हणावं," आत्या तवा हलवत म्हणाल्या. "मिश्री भाजतेय. बाजूला हो, ठसका लागेल."

दिनकरराव डोळे चोळत आले आणि दारातच थांबले.

"आक्का, ती क्लबची पानं होती."

"क्लबात मिश्री लावतात?" आत्यांनी विचारलं. त्यांचं क्लबाबद्दल पहिल्यांदाच चांगलं मत झालं होतं.

दिनकरराव पाटावर बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "चला," ते म्हणाले, "पुणं." आणि सदरा घालायला आत गेले, बंदच्या दिवशी कुठं जाणार होते कुणास ठाऊक.

वृंदा तिथंच उभी राहिली. तिनं तव्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात मी होतो. मला वाटतं, आयुष्यात मी त्या क्षणी जेवढा देखणा दिसलो तेवढा परत कधी दिसलो नसेन.

तिनं मला काचेवरून असं सोडवलं, की जणू मी झोपलेलो होतो.

पोळपाट धुतला, पुसला आणि मला त्यावर पसरलं. ओल्या तळव्यानं सुरकुत्या काढल्या. मग मधली शीर टोकाला धरून एका हातानं सरसर ओढून काढली. दुखलं का, असं सगळे विचारतात. म्हणजे कुणी विचारलेलं नाही, पण विचारतील. गुदगुल्या झाल्या. एवढंच, की आत्तापर्यंत मी एक होतो, आणि आता दोन झालो, आणि दोघंही स्वतःला 'मी' म्हणत होतो. शीर काढली की एका पानाची दोन वेष्टणं होतात, एक डावं, एक उजवं. घरात सारण होतं, खळ होती. वृंदानं दोन चिरूट वळले. डावा एका बाजूनं चढत गेला, मी दुसऱ्या बाजूनं. टोकाला खळीचं बोट लागलं आणि आमचं झालं.

बॅरिस्टरांसाठी पेटी भरायची होती आणि फिकट चिरूट फक्त दोन. वृंदानं घरातले नेहमीचे काळे चिरूट खाली मांडले आणि आम्हा दोघांना वर ठेवलं.

"ऐका," ती पेटीला म्हणाली. पेटीत मी होतो, म्हणून मी ऐकलं. बॅरिस्टरांना ती मेशोमोशाय म्हणायची, म्हणजे मावशीचे यजमान. "उजेडात तुम्ही दोघं दिसायचं. दिवे गेले की मी मेशोमोशायना काळा देणार. ते ओढणार, सौम्य म्हणणार, क्लबाला हो सांगणार. सारण सगळ्यांत तेच आहे. पुढच्या हंगामापर्यंत तुम्ही दोघं पेटीच्या वर नुसते झोपून राहायचं."

त्या वर्षी दिवे रोज जायचे. संध्याकाळी पाहुणे आले रे आले, की गेलेच. बागबाजारात लोक दिव्यांवर घड्याळ लावायचे. बेत चांगला होता. मी पान आहे, मला बेतातलं फारसं कळत नाही, पण चांगला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅरिस्टर आले. बरोबर त्यांच्या पत्नी सुचित्रादेवी. धोतराच्या निऱ्या अशा कडक, की बसताना आवाज आला.

"की रे बोर्गी-मेये," ते वृंदाला म्हणाले. मेये म्हणजे मुलगी. त्यांचं बोलणं बंगालीच, मी तुमच्यासाठी मराठीत सांगतोय. "तुझ्या पूर्वजांनी आमचं धान लुटलं. आता माझं मत लुटायला बोलावलंस?"

"धान संपला मेशोमोशाय," वृंदा म्हणाली. "म्हणून तंबाखूवर आलो."

बॅरिस्टर खूश झाले. तिनं पेटी उघडून दाखवली. त्यांनी आम्हाला माणूस देवाला पाहतो तसं पाहिलं. हात पुढे केला. वृंदानं पेटी मिटली.

"आधी चहा."

चहा झाला. दिवे जाईनात. कोथिंबीर वडी झाली. दिवे लख्ख. परत वडी झाली. दिनकरराव, ज्यांना बेत माहीत नव्हता, सारखं म्हणत होते, "अगं, पेटी दे ना त्यांना." वृंदानं लाडू आणले. मित्तिर म्हणाले, "ब्रिंदा, मी चिरूट ओढायला आलोय की मला जावई करून घेणार आहेस?" आणि स्वतःच पेटीकडे हात नेला. झाकण उघडलं. बोटं माझ्यावर आली.

दिवे गेले.

गल्लीभर 'गेले रे' असा नेहमीचा आवाज झाला. त्या आवाजात वृंदानं मला त्यांच्या बोटाखालून सरकवलं आणि काळा दिला. फार सफाईनं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही कळलं नसतं.

"घ्या, मेशोमोशाय. तोंडात धरा, मी काडी ओढते." काडी ती ओंजळीत पेटवणार होती, म्हणजे नुसतं टोक दिसेल.

मग बॅरिस्टरांचा आवाज आला, अगदी हळू.

"ब्रिंदा. हा कोण?"

"काय झालं, मेशोमोशाय?"

"काडी ओढू नकोस. हा तो नाही. याला शीर आहे, ओठाला लागते. पायपुसणं तोंडात धरल्यासारखं वाटतंय. ते पान वेगळं. ओठावर आहे की नाही तेच कळत नाही, जिभेचं टोक लागलं की किंचित गोड लागतं आणि वळणाची कड शोधून सापडत नाही. लोकांना वाटतं आम्ही फिकट रंगाला भुलतो. भुलतो, नाही कोण म्हणतो! पण पोरी, माझे डोळे आता अर्धे गेलेत. हा मला अंधारातही कळतो."

मी पेटीत पडलो होतो. सांगतो ते खरं आहे, अगदी खरं, इथं काही निम्मं-बिम्मं नाही. आजवर ज्यानं ज्यानं माझं कौतुक केलं त्यानं दिव्याखाली केलं. मी दिसत नव्हतो, तिथं नव्हतो, तरी मी कोण आहे ते सांगणारा हा पहिला माणूस. पान लाजू शकत नाही. नाहीतर गडद झालो असतो.

वृंदाचा बेत मोडला होता. दिनकररावांनी कंदील आणला. कंदिलाच्या उजेडात बॅरिस्टरांनी हातातला काळा चिरूट पाहिला, मग वृंदाकडे पाहिलं. तिनं सरळ पेटीतून डाव्याला उचललं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

डाव्याचं पुढचं त्याचं त्यानंच सांगितलेलं आहे, जाता जाता, धुरातून. म्हणे की बॅरिस्टरांनी पहिला झुरका घेतला आणि त्यांचे खांदे खाली आले, ट्रामच्या तिकिटाचे पैसे वाचले की येतात तसे. म्हणे की तिसऱ्या झुरक्याला ते विलायतेतल्या एका ओल्या गल्लीत होते आणि वय वर्षं तेवीस. खोलीतल्या कुणालाच हे दिसलं नाही. खोलीत फक्त एवढंच ऐकू आलं:

"हा. हाच."

मग: "दिनोकोरबाबू, मंजूर. बाकीचे कुठे आहेत?"

दिनकरराव वृंदाकडे बघायला लागले. वृंदा जमिनीकडे बघत होती. आत्यांना बंगाली येत नव्हतं. पण मघापासून पानाबद्दल बोलणं चाललंय, एवढं त्यांना कळलं होतं, आणि पाहुण्याला काहीतरी हवंय आणि कुणी देत नाही हेही. त्या उठल्या. कनवटीची डबी काढली. झाकण उघडून बॅरिस्टरांपुढे धरली.

"हे घ्या, बाकीचे."

बॅरिस्टरांनी डबीत पाहिलं. काळी पूड. वास घेतला. आणि त्यांचा चेहरा असा झाला, की एखाद्या ओळखीच्या माणसाला भलत्याच ठिकाणी पाहिलंय.

"हे काय आहे?"

"गुल," सुचित्रादेवी म्हणाल्या. "यांच्यात मिश्री म्हणतात." आणि पदराआडून स्वतःची डबी काढून आत्यांच्या डबीशेजारी ठेवली. आत तीच पूड. माठाजवळ ठेवलेली पानं काल तव्यावर कशी गेली, ते वृंदानं खाली मान घालून सांगून टाकलं.

इथं तुम्हाला एक सांगायचं राहिलं. दोन्ही घरांच्या गच्च्या लागून होत्या. रोज दुपारी आत्या आणि सुचित्रादेवी गच्चीवर शेजारी बसून दातांना लावायच्या, एक मिश्री, एक गुल, आणि आत्यांची संपल्यावर सुचित्रादेवींनी आपल्यातली देऊ केली होती. पण आत्यांना गुल आवडला नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तोंड भरलेलं असल्यामुळे ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. काल ताजी मिश्री झाल्यावर आत्यांनी अर्धी मैत्रिणीला दिली होती.

"तू गुल लावतेस?" बॅरिस्टर म्हणाले. "माझ्या घरात? ते... ते तर अडाणी बायकांचं..."

"लग्न झाल्यापासून ऐकतेय हे," सुचित्रादेवी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "चोरून लावते, गच्चीवर, डबी तुळशीच्या कुंडीमागे ठेवून. आज विचारते. तुमच्या तोंडात आहे ते पान आणि या डबीतलं पान एकाच गठ्ठ्यातलं. तुम्हीही जाळता, मीही जाळते. तुम्ही धूर घेता, मी राख घेते. अडाणी कोण?"

वकिली केलेला माणूस. तो झुरका घ्यायचं विसरला. माझ्या डाव्याची राख लांबली होती ती धोतरावर पडली.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "क्लबातल्या बायकांना उद्या मीच सांगते. 'आमच्या ह्यांची निवड इतकी उत्तम, की दात पण शुभ्र होतात.'"

"शर्बोनाश," बॅरिस्टर पुटपुटले.

आत्यांनी वृंदाला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतेय ती?"

"तुझी बाजू घेते, आत्या."

"घेईलच. मिश्रीच तशी झालीय."

बॅरिस्टर चिरूट विझवणार असं मला वाटलं. पण नाही. हातात होता तो त्यांना टाकवेना. एक झुरका घेतला, डोळे मिटले, आणि त्या धुरातून आपला निकाल दिला. पुढच्या हंगामात दिनहाट्याचं पूर्ण पीक मागवायचं. पान असंच हवं; रेसभर इकडेतिकडे चालणार नाही. क्लब वर्षभर घेईल. तोवर काळे पाठवा.

"पण मेशोमोशाय," वृंदा म्हणाली, "तुम्ही तर अंधारात ओळखला."

"मी ओळखला. क्लबात तोंडं बोलण्यात गुंतलेली असतात, ओठांना फुरसत नसते." मग जरा थांबून, कुणाकडेही न बघता, "आणि... माठाजवळ ठेवू नका."

"आणि?" सुचित्रादेवी म्हणाल्या.

"आणि एक जुडी आमच्या घरी. वेगळी." त्यांनी घसा साफ केला. "गच्चीसाठी."

दिवे आले. कंदिलाची वात कुणी खाली केली नाही. दिनकरराव भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते, आणि पुसून झाला तरी पुसतच होते. मग म्हणाले, "श्रीधरला सांगायला हवं, आम्ही येत नाही." वृंदा हसली नाही की रडली नाही. पेटीत उरलेल्या मला उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "हा कुणी ओढायचा नाही. पुढचा पान याच्याशी जुळवून घ्यायचा."

अशी माझी नेमणूक झाली. नमुना म्हणून.

त्यानंतर दर थंडीत ती स्वतः दिनहाट्याला जायला लागली. मला सागाच्या छोट्या डबीत घालून, डबी पर्समध्ये. मांडवाखाली उभी राहून नवं पान एका हातात, मी एका हातात. शेतकरी म्हणायचे, "दीदी, हे चांगलं आहे." ती मला विचारल्यासारखी बघायची, आणि मग "ना" म्हणायची, किंवा "हो." मी कधी काही बोललो नाही. तिला माझ्या बोलण्याची गरजच नव्हती. तिचे ओठ आणि बोटं बॅरिस्टरांइतकीच तयार झाली होती. सावळ्या बोटांत फिकट पान फार खुलून दिसतं, हे मी स्वतः अनुभवलेलं सांगतो.

आत्या साताऱ्याला परत गेल्या. हंगामाची पहिली जुडी त्यांना पार्सलनं जाते. त्यांचे दात अजून सगळे आहेत आणि तोंडही.

आता या वर्षीचं सांगतो, म्हणजे एकोणऐंशीचं. दिनहाट्याचं पान इतकं सुरेख उतरलंय की विचारू नका. वृंदानं मला त्याच्याशेजारी धरलं, आणि मी चक्क गडद दिसलो. वय झालं की पानही गडद होतं. तिनं मला बराच वेळ बोटांत फिरवलं. म्हणाली, "झालं रे तुझं. आता माझ्या डोळ्यांत आहेस."

आणि तेवढ्यात तुम्ही आलात. हावड्याच्या कारखान्यात, या वेताच्या खुर्चीवर बसलात, आणि म्हणालात, "फिकट द्या बुवा, सौम्य असला पाहिजे." मी तेव्हाच ओळखलं, आत्यांच्या गावाकडचेच तुम्ही. वृंदा हसली आणि तिनं मला तुमच्या हातात दिलं. "हा जुना आहे," म्हणाली, "पण गोष्ट सांगतो." तुम्हाला वाटलं ती गंमत करतेय. तरी तुम्ही मला कानाशी नेलंत. बघा, इतकी वर्षं कळत नव्हतं लोक कानाशी का नेतात. याच्यासाठीच नेत असतील.

तर गोष्ट झाली. खरी की खोटी ते विचारू नका, शप्पथ घेतलेली आहे. पण फुकट नाही बरं का. साताऱ्याच्या आत्यांनी मराठी शिकवलेल्या पानाकडून फुकट काही निघत नाही. माझा दाम ठरलेला आहे, तो टाका आणि मग उठा.

एक काडी. कोरडी बघून. खिशात आहे तुमच्या, वाजली मघाशी.

आधी ओठांत धरा, डोळे मिटा. काही लागतंय? नाही ना? तोच मी.

आता ओढा काडी. जरा सावकाश ओढा मला, पण काडी लवकर ओढा. डावा केव्हाचा वर थांबलाय.